मूर्ती कोणाची? : तेरची पांढरी माती आणि चीनची श्वेत क्वान-यिन

मूर्ती ओळखणे ही पुरातत्त्ववेत्त्यांची व संग्रहालयांच्या अधिकाऱ्यांची बाब आहे, सामान्य उपासकाचा तिच्याशी काही संबंध नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. ज्या समाजाच्या वारशातील मूर्ती शतकानुशतके परक्या नावांनी शेंदूर माखून पूजिल्या गेल्या, त्या समाजाला तरी हा समज परवडणारा नाही. मूर्तीचे नाव ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्यापुरता इतिहासाचाही आहे आणि न्यायाचाही आहे.

वर्षावासातील प्रवचनांच्या निमित्ताने धाराशिव जिल्ह्यातील एका लहानशा विहारात जाण्याचा योग आम्हांस आला. तेथे बुद्धमूर्तीच्या उजव्या बाजूस, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, वीतभर उंचीची चिनी मातीची एक शुभ्र मूर्ती ठेवलेली होती. डोक्यावरून पदर घ्यावा तसे वस्त्र, झुकलेल्या पापण्या आणि मांडीवर एक मूल. मुंबईस नोकरीत असलेल्या एका उपासकाने ती बाजारातून विकत घेऊन विहारास दान दिली होती. उपासिका तिला 'महामाया' म्हणत. एका वृद्ध उपासिकेचा मात्र त्यास आक्षेप होता. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया गेली, तेव्हा मूल मांडीवर असेल तर ही महाप्रजापती गौतमीच असली पाहिजे, असे तिचे म्हणणे. एका निवृत्त शिक्षकांच्या मते ती ख्रिस्ती लोकांची मेरी होती. तरुण मंडळींचे मत सर्वांत कठोर होते : ही देवी आहे, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या विहारात तिला स्थान असता कामा नये, ती आजच्या आज बाहेर काढावी. निर्णय आमच्यावर सोपविण्यात आला. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर घाईचे व अपुरे होते. प्रस्तुत लेखात ते पूर्ण करण्याचा प्रयत्न आहे.

१. ही मूर्ती कोठली?

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फुजियान प्रांतात देहुआ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील भट्ट्यांत मिंग राजवटीच्या उत्तरकाळापासून, म्हणजे साधारणतः सोळाव्या-सतराव्या शतकापासून, शुभ्र पोर्सेलिनच्या ज्या मूर्ती घडविल्या गेल्या, त्यांना पुढे फ्रेंच संग्राहकांनी 'ब्लांक द शीन', म्हणजे 'चीनचे पांढरे', असे नाव दिले. विहारातील ती मूर्ती अर्थातच नवी होती, कारण देहुआच्या भट्ट्या आजही चालू आहेत आणि त्यांचा माल जगभर जातो. परंतु तिचा साचा, तिची बैठक व तिचा चेहरा ही त्या जुन्या परंपरेचीच देणगी आहे.

या पांढरेपणाचे रहस्य मातीत व अग्नीत आहे. देहुआच्या मातीत लोहाचा अंश अत्यंत कमी असतो व पोटॅशचे प्रमाण अधिक असते. चिंग-द-चेन येथील विख्यात भट्ट्यांत धूर कोंडून, प्राणवायू तोडून भाजणी होई, म्हणून तेथील पांढऱ्या भांड्यांवर किंचित निळसर झाक येते. देहुआच्या कारागिरांनी भट्टीत हवा खेळती ठेवली. त्यामुळे त्यांच्या मूर्तींस हस्तिदंताची किंवा ताज्या लोण्याची उबदार छटा आली. मूर्तीचे मुख्य अंग साच्यात दाबून काढीत, भाग ओल्या मातीने सांधीत, हात व बोटे निराळी घडवून जोडीत आणि वस्त्राच्या चुण्या कोरणीने साफ करीत. मूर्ती आतून पोकळ असे, नाही तर ती भाजताना तडकली असती. जुन्या मूर्तींची बोटे आज बहुधा तुटलेली आढळतात, त्याचे कारण हेच की ती सर्वांत नाजूक व सर्वांत शेवटी जोडलेली असत.

या कारागिरांपैकी हे चाओझोंग याचे नाव विशेष प्रसिद्ध आहे. मिंग काळाच्या उत्तरार्धात होऊन गेलेल्या या मूर्तिकाराची मुद्रा मूर्तीच्या पाठीवर उमटविलेली असते. लाटांवर उभा असलेला बोधिधर्म ही त्याच्या नावावरील विख्यात कृती होय. त्याची मुद्रा नंतरच्या काळात इतक्या जणांनी वापरली की केवळ मुद्रेवरून मूर्ती त्याची मानणे धोक्याचे ठरते. देहुआच्या भट्ट्यांतून शाक्यमुनी, मंजुश्री, बोधिधर्म व बुदाई यांच्याही मूर्ती निघाल्या, पण सर्वांत अधिक निघाली ती क्वान-यिन. विहारातील मूर्ती तिचीच.

येथे बुदाईविषयी एक खुलासा केला पाहिजे. पोट सुटलेला, हसरा, पाठीवर झोळी टाकलेला जो पुतळा आपल्या बाजारात 'लाफिंग बुद्धा' म्हणून विकला जातो, तो तथागत शाक्यमुनींचा नव्हे. दहाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या एका चिनी भिक्षूचे ते रूप आहे आणि लोकश्रद्धेने त्याला मैत्रेयाचा अवतार मानले. त्याचे पोट चोळल्याने पैसा मिळतो, या समजुतीस धम्मात कोणताही आधार नाही.

२. मराठवाड्यातून चीनकडे

क्वान-यिन म्हणजे अवलोकितेश्वर. हे नाव ऐकून आपल्यातील अनेकांस ती परदेशी वाटेल, वस्तुतः तिचे मूळ रूप आपल्या परिसरातील दगडांतच कोरलेले आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील हाती कमळ धरलेला पद्मपाणी कोणास ठाऊक नाही? छत्रपती संभाजीनगरच्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात हाच बोधिसत्त्व उभा आहे आणि त्याच्या दोहों बाजूंस अग्नी, खड्ग, नौकाभंग, हत्ती, सर्प अशा संकटांत सापडलेली माणसे त्यास हाका मारीत आहेत. तशीच दृश्ये वेरूळ व कान्हेरी येथेही आहेत. कान्हेरीच्या एक्केचाळिसाव्या लेण्यात तर त्याचे अकरा मस्तकांचे रूप आढळते. ज्या व्यापारी वाटांवर ही लेणी कोरली गेली, त्या वाटांवरील प्रवाशांची भीती या शिल्पांत बोलते.

हा बोधिसत्त्व पुरुष आहे. मग चीनमध्ये तो स्त्री कसा झाला? कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचा चिनी अनुवाद केला. त्यातील पंचविसाव्या प्रकरणात हा बोधिसत्त्व तेहतीस रूपे घेऊन उपदेश करतो असे सांगितले आहे, आणि त्यांत भिक्षुणी, उपासिका व कुमारी ही रूपेही आहेत. स्त्रीरूपाचे दार ग्रंथानेच उघडे ठेवले होते. दहाव्या ते बाराव्या शतकांच्या सुमारास चिनी लोकमानस त्या दारातून आत गेले. त्याच काळात म्याव-शान या राजकन्येची कथा प्रचारात आली. पित्याने ठरविलेला विवाह नाकारून ती भिक्षुणी होते, आणि पुढे त्याच पित्याचा रोग बरा व्हावा म्हणून आपले डोळे व हात देऊन टाकते. पालीच्या अभ्यासकास ही कथा वाचताना थेरीगाथेतील सुमेधा आठवल्याशिवाय राहत नाही. राजाशी ठरलेले लग्न तिने स्वतःचे केस कापून मोडले होते. जीवकाच्या आम्रवनात पाठलाग करणाऱ्या पुरुषाच्या हाती स्वतःचा डोळा काढून ठेवणारी सुभा थेरीही आठवते. एका कथेतून दुसरी निघाली असे आम्ही म्हणत नाही. स्वतःच्या देहावर स्वतःचा अधिकार सांगणारी स्त्री ही बौद्ध साहित्याची जुनी ओळख आहे, एवढेच येथे नोंदवितो.

आणखी एक साम्य आम्हांस महत्त्वाचे वाटते. क्वान-यिनचे एक रूढ रूप 'श्वेतवस्त्रा' म्हणून ओळखले जाते. पाली ग्रंथांत गृहस्थ उपासकांसाठी 'ओदातवसना', म्हणजे पांढरी वस्त्रे परिधान करणारे, असे विशेषण येते, आणि चिनी बौद्ध परिभाषेतही 'श्वेतवस्त्र' हा शब्द गृहस्थांसाठीच रूढ झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे पांढरी वस्त्रे लेवून आलेला जनसागर आपल्या पिढ्यांच्या स्मरणात आहे. देहुआच्या पांढऱ्या मातीत जी आकृती घडली, तिचा वेष राजाचा नाही, देवतेचाही नाही. तो घरात राहून शील पाळणाऱ्या स्त्रीचा वेष आहे.

३. मूर्तीचे परीक्षण

आता कलाकृती म्हणून तिच्याकडे पाहू. उत्तम प्रतीच्या जुन्या क्वान-यिनमध्ये अलंकार अगदी थोडे असतात. रंग नाही, सोने नाही. जे सांगायचे ते वस्त्राच्या चुण्यांतून आणि चेहऱ्यातून. चुण्या खांद्यावरून सुटतात, गुडघ्याशी क्षणभर थांबतात आणि आसनावर पसरतात. झिलई पातळ असल्याने कोरणीची रेघ बुजत नाही आणि सावली तिच्यात मऊपणे उतरते. मूर्तीस प्रकाशाकडे धरले तर कडा किंचित पारदर्शक भासतात. खरी कसोटी मात्र चेहऱ्याची.

विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू म्हणजे क्रूरता. तो सहज ओळखता येतो. जवळचा शत्रू म्हणजे संसारातील आसक्तीतून येणारा शोक. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून अधिक फसवा असतो. दुसऱ्याच्या दुःखाने जो स्वतःच खचून जातो, तो दुःखिताच्या उपयोगी पडत नाही. हा निकष लावला असता देहुआच्या श्रेष्ठ मूर्ती उत्तीर्ण होतात असे आमचे मत आहे. त्या चेहऱ्यावर अश्रू नाहीत, ओठांवर कृत्रिम स्मितही नाही. पापण्या अर्ध्या मिटलेल्या आहेत, परंतु दृष्टी खाली, बघणाऱ्याकडे वळलेली आहे. ऐकणे हीच तिची क्रिया आहे. क्वान-यिन या नावाचा अर्थच मुळी जगाचा आक्रोश न्याहाळणारी असा होतो.

सामान्य प्रतीच्या मूर्तींत हाच चेहरा बाहुलीचा होतो. साचे झिजतात, कोरणीचे काम वाचविले जाते आणि गोड दिसण्यावर भर येतो. विहारातील ती नवी मूर्ती या दुसऱ्या जातीची होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही तिच्या झुकलेल्या पापण्यांत मूळ परंपरेचा अंश शिल्लक होता, आणि गावच्या उपासिकांनी नेमका तोच हेरला होता.

मांडीवरील मुलाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ही 'पुत्रदात्री' क्वान-यिन होय. सद्धर्मपुंडरीकाच्या त्याच प्रकरणात या बोधिसत्त्वाची आराधना करणाऱ्या स्त्रीस इच्छेप्रमाणे पुत्र किंवा कन्या लाभते, असे आश्वासन आहे. लोकव्यवहारात कन्या मागे पडली आणि पुत्र उरला. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील मुलांनी वेढलेली हारीती आपल्याकडेही आहे, तेव्हा मातृत्वाचे हे शिल्प बौद्धांस नवे नाही. परंतु पुत्रासाठी नवस हा धम्म नव्हे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे निःसंदिग्धपणे मांडले आहे. पाली सुत्तांत देव येतात खरे, शक्र येतो, सहंपती ब्रह्मा येतो, पण ते येतात श्रोते म्हणून, याचक म्हणून. तेही अनित्यतेच्या नियमाखालीच आहेत. या दृष्टीने तरुणांचा आक्षेप अर्ध्याहून अधिक खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या पंडितांशी आम्ही सहमत नाही.

मेरीचे नाव घेणारे शिक्षकही अगदीच चुकले नव्हते. जपानात १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, ती १८७३ साली उठली. त्या अडीचशे वर्षांत नागासाकीच्या परिसरातील लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी देहुआच्याच या मूर्ती घरात ठेवल्या आणि मनोमन त्यांना मेरी मानले. अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या अशा मूर्ती आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. एका छळलेल्या समाजाने दुसऱ्या धर्माच्या मूर्तीत आपली माता पाहिली. धाराशिवच्या उपासिकेने तिच्यात महाप्रजापती पाहिली. या शुभ्र पृष्ठभागाचा गुण आणि धोका एकच आहे : त्यावर ज्याने त्याने आपले नाव लिहावे.

४. तेरची साक्ष

त्याच दौऱ्यात आम्ही तेर येथे गेलो. तेरणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे व तेथून गाड्यांनी माल भडोचला जात असल्याचे सांगितले आहे. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. १९५८ साली चापेकरांनी तेथे उत्खनन केले. आपल्या खेड्यांत शेतीच्या जमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणण्याची रीत आहे. जुन्या वस्तीची टेकाडे याच पांढरीची असतात. ज्यांची घरे गावकुसाबाहेर होती, त्या आपल्या पूर्वजांचा या पांढरीवर हक्क नव्हता. आणि त्याच पांढरीच्या पोटातून बौद्ध काळाच्या खुणा निघत आहेत, हा काळाचा न्याय म्हटला पाहिजे.

तेर येथील शासकीय संग्रहालयास रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. त्यांनी गावातून गोळा केलेल्या वस्तूंवरच ते उभे राहिले. तेथे सातवाहनकालीन छोट्या मूर्ती आहेत आणि त्यांतील काही केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या आहेत. केओलिन हा शब्द चिंग-द-चेनजवळच्या काव-लिंग या गावाच्या नावावरून आला आहे, आणि पोर्सेलिनच्या शास्त्रात ही माती पायाभूत मानली जाते. तेरच्या कारागिरांनी पुढचा व मागचा असे दोन साचे वापरून, आतून पोकळ अशा मूर्ती काढल्या. देहुआच्या भट्ट्यांच्या सुमारे दीड हजार वर्षे आधी हे घडत होते. तेरची भाजणी मंद, मूर्तींवर काचेची झिलई नाही, माती विरघळून दगडासारखी झालेली नाही, म्हणून त्यांना पोर्सेलिन म्हणता येणार नाही. तेरहून देहुआला ही विद्या गेली असा दावा करणेही पोरकटपणाचे ठरेल. दोन दूरच्या प्रदेशांतील कुंभारांनी पांढऱ्या मातीची एकच भाषा ओळखली, हे पुरेसे आश्चर्य आहे.

या छोट्या मूर्ती कोणाच्या? भरघोस केशरचना व दागिने असलेल्या स्त्रिया आहेत, नुसती मस्तके आहेत. दिसली स्त्रीमूर्ती की ती देवी, ही सवय अभ्यासकांच्याही लेखणीत मुरलेली आहे. ज्या आकृतीजवळ चिन्ह नाही, लेख नाही, तिला देवी म्हणणे जितके निराधार, तितकेच तिला बौद्ध म्हणणेही निराधार. ती एखाद्या नगरातील गृहिणी असेल, खेळणे असेल, घराची शोभा असेल. आपल्याला प्रिय असलेले उत्तर पुराव्याशिवाय स्वीकारायचे नाही, हे शास्त्राचे शील आहे.

तेरचे त्रिविक्रम मंदिर याच प्रश्नाचे मोठे रूप आहे. विटांची, मागे अर्धवर्तुळाकार, गजपृष्ठाकार छपराची ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह होती, असे हेन्री कझिन्स यांच्यापासून अनेकांचे मत आहे. समोरील दर्शनी भागाची घडण पाहता आम्हांसही ते मत ग्राह्य वाटते. तथापि अर्धवर्तुळाकार विधान इतर पंथांनीही वापरले आहे, हे विसरून केवळ तेवढ्यावर दावा उभा करू नये. आत आज त्रिविक्रमाची मूर्ती आहे. वास्तूचे नाव बदलले की तिची स्मृतीही बदलते, याचा हा धडा आपल्या दारातच आहे. याच गावी संत गोरोबांचे, म्हणजे एका कुंभाराचे स्मरण होते. माती, भट्टी आणि श्रद्धा यांचे नाते तेरला नवे नाही.

५. आमचे मत

ज्यांच्या मूर्तींची नावे बदलली गेली, त्यांनी दुसऱ्याच्या मूर्तीचे नाव बदलू नये. हा आमचा पहिला निष्कर्ष. विहारातील ती मूर्ती महामायेची नाही, महाप्रजापतीची नाही, मेरीचीही नाही. ती क्वान-यिनची आहे आणि तिचे नाव तिला मिळाले पाहिजे. चीन, कोरिया, व्हिएतनाम व जपान येथील कोट्यवधी बौद्ध तिला करुणेचे रूप मानतात. श्रीलंकेसारख्या पालीच्या माहेरघरातही हाच अवलोकितेश्वर 'नाथ' या नावाने मान पावला. तिला 'अंधश्रद्धा' म्हणून फेकून देणे म्हणजे या बांधवांचा अवमान होय.

दुसरा निष्कर्ष तितकाच स्पष्ट आहे. वंदनेच्या स्थानी बुद्ध, धम्म व संघ हे त्रिरत्नच असावे. तिच्यापुढे नवस बोलू नये, पुत्रासाठी तर नाहीच. ज्या जिल्ह्यात आजही मुलगी झाली म्हणून घरातील चेहरे उतरतात, तेथे पुत्रदात्रीच्या मूर्तीचे पूजन करुणेच्या नावाने करुणेचाच घात करील.

तिसरी गोष्ट सूचनेची. विहाराच्या वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटावर ती मूर्ती ठेवावी. खाली चिठ्ठी असावी : नाव, देश, परंपरा, आणि मराठवाड्याच्या लेण्यांशी असलेले तिचे नाते. मुंबईस जाणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेले चिनी पोर्सेलिन पाहावे. हैदराबादेस जाणाऱ्यांनी १९५१ साली खुल्या झालेल्या सालारजंग संग्रहालयातील पौर्वात्य दालने पाहावीत. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. देहुआच्या जुन्या भट्ट्यांना २०२१ साली च्वान-चौ बंदरासह जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आपल्या तेरकडेही त्याच डोळ्यांनी पाहण्याची सवय उपासकांनी लावून घ्यावी.

आजी वारल्याच्या शोकात बुडालेल्या राजा प्रसेनजिताला तथागतांनी कुंभाराच्या भांड्यांचे उदाहरण दिले होते. कच्चे असो वा पक्के, प्रत्येक भांड्याचा शेवट फुटण्यातच आहे. चिनी मातीची मूर्तीही त्यास अपवाद नाही. विहारातील त्या मूर्तीच्या उजव्या हाताचे एक बोट वाहतुकीतच तुटले होते. वृद्ध उपासिकेने ते जपून, कागदाच्या पुडीत गुंडाळून, मूर्तीच्या मागे ठेवले होते. मूर्ती कोणाची हे तिला ठाऊक नव्हते, पण मोडलेल्याची काळजी घ्यावी हे ठाऊक होते. करुणा कशास म्हणतात, याचे त्या विहारातील सर्वांत अचूक उत्तर त्या पुडीत होते, असे आम्हांस वाटते.